पेराएवढ्या धातूची साक्ष

खास प्रतिनिधी

भंगाराच्या तराजूत पितळेला किलोवर भाव असतो. बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीच्या आसपास अशी दुकाने थोडी नाहीत. पाडलेल्या घराच्या बिजागऱ्या, नळाच्या तोट्या, मोडकी समई, तारेची भेंडोळी असे सारे तेथे एका ढिगात येऊन पडते. त्या ढिगात बोटाच्या पेराएवढी, अंगभर बारीक खळगे असलेली एखादी पितळी टोपी आली, तर तिचे मोल काही रुपयांपलीकडे जाणार नाही, कारण तिचे वजनच मुळी काही ग्रॅम. हीच टोपी जमिनीतून निघाली त्या जागी, त्या थरात, एखाद्या जाणकाराच्या दृष्टीस पडली असती, तर तेथे माणसे केव्हा राहत होती आणि त्यांचे हात कोणत्या कामात गुंतले होते, याचा पुरावा हाती लागू शकला असता.

या टोपीचे नाव अंगुस्तान. जाड कापडातून सुई रेटताना तिचा बोथट माथा बोटात रुतू नये, म्हणून मधल्या बोटावर चढवायचे हे टोपण. अंगावरचे खळगे केवळ शोभेचे नव्हेत. सुईचा माथा त्यात अडकतो आणि निसटत नाही. शिवणयंत्र घरोघरी पोहोचले आणि अंगुस्तान शिवणाच्या डब्याच्या तळाशी गेले. तरीही सदऱ्याला हातशिलाई घालणाऱ्या शिंप्याकडे किंवा गोधडीचे चार-पाच थर एका टाक्यात धरणाऱ्या आजीकडे ते अजून आढळते. पुरातत्त्वज्ञांच्या दृष्टीने मात्र ही वस्तू डब्याच्या तळाची नाही. युरोप-अमेरिकेतील मध्ययुगीन आणि वसाहतकालीन वस्त्यांच्या उत्खननांत धातूची अंगुस्ताने वारंवार सापडली असून, त्यांच्या घडणीवरून काळ ठरविण्याची पद्धतही विकसित झाली आहे. सोपाऱ्यापासून डहाणूपर्यंतच्या आपल्या किनाऱ्यावर, जेथे दोन हजार वर्षे परदेशी गलबते लागत आली, तेथे ही पद्धत ठाऊक असणे गरजेचे आहे.

शब्दांचे थर

जमिनीप्रमाणे भाषेतही थर असतात. शिवणकामाचे शब्द उकलून पाहिले, तर उत्तर कोकणाचा इतिहासच उलगडतो. ‘सुई’ आणि ‘कातर’ हे शब्द संस्कृतातील ‘सूची’ आणि ‘कर्तरी’ यांच्याकडे जातात. ‘अस्तर’ आणि ‘दर्जी’ फारसीतून आले. ‘अंगुस्तान’ही त्याच वाटेने आले, फारसीत ‘अंगुश्त’ म्हणजे बोट. त्यावरच्या थरात पोर्तुगीज शब्द लागतात. गुंडी अडकवायचे ‘काज’ हे पोर्तुगीज ‘काझा’ म्हणजे घर या शब्दावरून आले, तर ‘फीत’ हा शब्द ‘फिता’वरून. ‘इस्त्री’चे मूळही पोर्तुगीजच मानले जाते.

निरनिराळ्या भाषांनी या वस्तूला दिलेली नावेही गमतीची आहेत. पोर्तुगीजांनी बोटावरून तिला ‘देदाल’ म्हटले, जर्मनांनी ‘फिंगरहूट’, म्हणजे बोटाची टोपी, तर इंग्रजीतील ‘थिंबल’ हा शब्द अंगठ्यावरून आला. वस्तू एकच, पण ती कोणाच्या बोटावरून कोणाच्या बोटावर गेली, याचा माग नावांत राहिला.

ओतीव, ठोकीव, दाबीव

अंगुस्तानाचा काळ ठरविताना तीन गोष्टी पाहतात : ते कसे घडवले, त्यावरचे खळगे कसे पाडले आणि त्याचा काठ कसा आहे.

सर्वांत साधा प्रकार म्हणजे वर-खाली मोकळी असलेली अंगठी. चीनमध्ये हान राजवटीच्या काळातील अशी अंगठी मिळाली आहे. बोटाच्या टोकाऐवजी बाजूने सुई रेटणाऱ्या शिंप्यांनी हा प्रकार सर्वत्र जपला. म्हणून केवळ आकारावरून त्याचे वय सांगणे धोक्याचे असते. मध्ययुगात टोपीच्या आकाराची अंगुस्ताने ओतून घडवली जात. मुसलमानी अमलाखालील स्पेनमध्ये अंडालुसिया प्रांतात सापडलेली अंगुस्ताने जाड, जड आणि वर कांद्यासारखी निमुळती आहेत. या काळातील खळगे एकेक करून हाताने ठोकलेले असत. भिंगातून पाहिले, की त्यांच्या ओळी वाकड्यातिकड्या जाताना दिसतात. कोठे दोन खळगे एकमेकांवर चढलेले, कोठे मध्येच जागा सुटलेली. कारागिराचा हात थांबला, वळला, थकला, हे सारे त्यावर उमटलेले असते.

पंधराव्या ते सतराव्या शतकांत जर्मनीतील नुरेंबर्ग शहर या धंद्याचे माहेरघर बनले. तेथील अंगुस्तानकारांचा स्वतंत्र व्यवसाय-संघ होता. चांगल्या प्रतीच्या पितळेमुळे अंगुस्ताने पातळ आणि हलकी झाली. अनेकांच्या काठाजवळ कारागिराची बारीक खूण ठोकलेली सापडते. त्या खुणेवरून वस्तू नुरेंबर्गची असल्याचे अभ्यासकांना सांगता येते. सतराव्या शतकात वरचा घुमट आणि खालची भिंत असे दोन भाग जोडून केलेली उंच अंगुस्तानेही दिसू लागतात.

सतराव्या शतकाच्या अखेरीस यंत्र आले. जॉन लॉफ्टिंग याने इंग्लंडमध्ये 1693 मध्ये अंगुस्ताने बनविण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि पुढे पाणचक्कीच्या बळावर उत्पादन वाढविले. यंत्राने पाडलेले खळगे एका आकाराचे आणि सरळ ओळीत असतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पातळ पत्रा साच्यात दाबून वस्तू घडविण्याची रीत बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत रुळली. तेव्हापासून अंगुस्तानाची भिंत अधिक पातळ, घुमट भिंतीशी अखंड आणि काठ दुमडून गोल केलेला आढळतो. 1884 मध्ये चार्ल्स हॉर्नर याने चांदीच्या दोन पत्र्यांमध्ये पोलाद घातलेले ‘डॉर्कस’ अंगुस्तान बाजारात आणले. नुसत्या चांदीला सुई भोक पाडते, ही जुनी तक्रार त्याने दूर केली. विद्युत्-विघटनाने ॲल्युमिनियम काढण्याची रीत 1886 मध्ये शोधली गेल्यानंतर तो धातू स्वस्त झाला. त्यामुळे एखाद्या थरात ॲल्युमिनियमचे अंगुस्तान निघाले, तर तो थर त्या काळाच्या आधीचा नव्हे, असे निःशंकपणे म्हणता येते.

तारापूरच्या अंगणातील विद्या

पत्रा साच्यात दाबण्याची ही विद्या पालघरच्या वाचकांना परकी नाही. चिंचणी-तारापूरचा परिसर डायमेकिंगसाठी ओळखला जातो. दागिन्यांवरची नक्षी पोलादी ठोकळ्यात उलटी कोरायची आणि त्यावर पातळ पत्रा ठेवून दाब द्यायचा, की ती सुलट उठते. हे काम येथील कारागीर पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. ज्याने असा डाय कोरला आहे, त्याला ठशातून निघालेली वस्तू आणि हाताने ठोकलेली वस्तू यांतील फरक समजावून सांगावा लागत नाही. ठशातल्या वस्तूत चूक असली, तर तीच चूक प्रत्येक नगात उतरते. हाताच्या कामात मात्र प्रत्येक चूक वेगळी असते.

अंगुस्तानाच्या वर्गीकरणामागचे तत्त्व नेमके हेच आहे. पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याला जे भिंगाखाली शिकवावे लागते, ते या भागातील कारागिराच्या नजरेत मुळातच असते. जुन्या धातूच्या वस्तूंच्या नोंदी करताना अशा कारागिरांना बोलावले, तर त्यांचा उपयोग मोठा होईल.

दोनशे वर्षांचा शेजार

डिसेंबर 1534 च्या तहाने गुजरातच्या सुलतानाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे दमणपर्यंतचा किनारा त्यांच्या ताब्यात आला आणि वसई, अर्नाळा, केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू अशी किल्ल्यांची आणि कोटांची साखळी उभी राहिली. ही सत्ता 1739 मध्ये संपली. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत जानेवारीत तारापूर पडले. त्या लढाईत बाजी भिवराव गोळी लागून कामी आले. मे महिन्यात वसईवर भगवा फडकला.

या दोनशे वर्षांचा इतिहास सहसा तहांचा आणि तोफांचा सांगितला जातो. पण कोटाच्या आत माणसे राहत होती आणि त्यांचे कपडे फाटत होते. पोर्तुगालच्या राजाने अनाथ मुलींना लग्नासाठी हिंदुस्थानात पाठविल्याच्या नोंदी आहेत. अशा मुलींना उत्तर कोकणातील गावे आंदण मिळाल्याचीही उदाहरणे आहेत. सैन्याच्या तळावर तंबू, कनाती आणि घोड्यांची जिने शिवणारे हात लागत. किनाऱ्यावर शिडे शिवली जात. या साऱ्यांपैकी फार थोड्यांची नावे दफ्तरांत आली. ज्यांनी कागदावर काही लिहिले नाही, त्यांची साक्ष सुई, गुंडी आणि अंगुस्तान अशा वस्तूंनीच द्यायची असते.

नुरेंबर्गचा माल आणि आपला किनारा यांच्यातील दुवाही कल्पनेतला नाही. फ्रान्सिस्को द अल्मेडा याच्या नेतृत्वाखाली 1505 मध्ये लिस्बनहून हिंदुस्थानाकडे निघालेल्या ताफ्यात ऑग्सबर्ग आणि नुरेंबर्ग येथील व्यापारी घराण्यांचे भांडवल गुंतले होते. जर्मन खाणींतील तांबे आणि धातूचा माल लिस्बनमार्गे पूर्वेकडे येत असे. अटलांटिकच्या पलीकडे, 1607 मध्ये वसलेल्या जेम्सटाउन या इंग्रज वसाहतीच्या उत्खननात नुरेंबर्गची पितळी अंगुस्ताने मिळाली आहेत. तेथील मूलनिवासींनी काही अंगुस्तानांच्या माथ्याला भोक पाडून ती अंगावर घुंगरांसारखी लटकवली. त्यामुळे माथ्याला भोक असलेले अंगुस्तान दिसले, की अभ्यासक आधी विचारतात : ते झिजून पडले, की मुद्दाम पाडले? एका लोकांचे हत्यार दुसऱ्यांचा दागिना झाल्याची ही खूण असते.

घाईचे निष्कर्ष

अंगुस्तान सापडले म्हणजे तेथे बाई शिवत बसली होती, असा निष्कर्ष पूर्वी सर्रास काढला जाई. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ मेरी बोड्री यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फाइंडिंग्ज’ या पुस्तकात शिवणाच्या साहित्याकडे अधिक बारकाईने पाहण्याचा आग्रह धरला. शिंपी पुरुष होते; खलाशी आणि शिपाई आपले कपडे आपणच टाचत. इंग्लंडचे ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज 1545 मध्ये बुडाले. ते 1982 मध्ये वर काढले गेले. त्यावरच्या माणसांच्या सामानात शिवणाचे साहित्य होते. उलटपक्षी, लहानशा मापाचे अंगुस्तान मुलीला शिवण शिकविण्यासाठी केलेले असू शकते. म्हणून आतला व्यास मोजायचा, झीज कोणत्या बाजूला आहे ते पाहायचे आणि सोबत काय सापडले याची नोंद करायची, मगच बोलायचे.

आणखी काही वस्तू अंगुस्तानाशी गल्लत करायला लावतात. तिरंदाज प्रत्यंचा ओढताना अंगठ्यात रुंद अंगठी घालत. तिच्यावर खळगे नसतात आणि तिची एक बाजू ओठासारखी पुढे आलेली असते. शिडाचे जाड कापड शिवणारे खलाशी तळहातावर चामड्याचा पट्टा बांधत. त्यात बसविलेली खळग्यांची धातूची चकती एकटी सापडली, तर ती झाकणासारखी वाटते. दोराच्या फासात घालण्याची खाचेची लोखंडी कडी हिलाही जहाजावर ‘थिंबल’च म्हणतात. सातपाटी किंवा अर्नाळ्याच्या बंदरात ती आजही दिसेल. तिचा शिवणाशी काही संबंध नाही.

जागा हाच पुरावा

छोटी वस्तू मोठा प्रश्न कसा सोडविते, याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. नालासोपारा येथील ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखली जाणारी टेकडी पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 मध्ये उकरली आणि आतून बौद्ध स्तूप निघाला. गाभ्यातील दगडी पेटीत एकात एक ठेवलेले तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोन्याचे करंडक होते. सर्वांत आत मातीच्या भांड्याच्या खापऱ्या होत्या. बुद्धाचे भिक्षापात्र म्हणून त्या पुजल्या गेल्या होत्या. भोवती आठ छोट्या धातुमूर्ती होत्या. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे एक नाणेही त्यात निघाले.

नाणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाकडे बोट दाखविते, तर मूर्तींची शैली आठव्या-नवव्या शतकांची. एकाच पेटीत दोन काळ आले कसे? स्तूप पुढे पुन्हा उघडून त्यात मूर्ती ठेवल्या गेल्या असाव्यात, असा उलगडा त्यातून झाला. या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत जपल्या आहेत. पेटी फोडून नाणे एकाने आणि मूर्ती दुसऱ्याने नेल्या असत्या, तर नाणे राहिले असते, मूर्तीही राहिल्या असत्या, पण स्तूपाची ही सहा-सात शतकांची कहाणी नाहीशी झाली असती.

चिंचणीचे ताम्रपट हे दुसरे उदाहरण. 1955 मध्ये ते उजेडात आले. प्राच्यविद्यापंडित दिनेशचंद्र सरकार यांनी त्यांचे वाचन प्रसिद्ध केले. त्यातील राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा शके 848, म्हणजे इ. स. 926 चा पट सांगतो, की संजाणचा कारभार तेव्हा मधुमती नावाच्या ताजिक, म्हणजे अरब वंशाच्या अधिकाऱ्याकडे होता. ‘मधुमती’ हे ‘महंमद’चे संस्कृत रूप. त्याने नद्यांवर मोफत तरींची सोय केली, अन्नछत्र चालविले आणि एका हिंदू मठाच्या दानाला पाठबळ दिले. तांब्याच्या त्या पत्र्यांना वजनाचा भाव आला असता, तर उत्तर कोकणाच्या इतिहासातले हे पान कोणाला वाचता आले नसते. संजाण आज गुजरातच्या हद्दीत आहे. तेथे 2002 ते 2004 दरम्यान झालेल्या उत्खननांत पश्चिम आशियातील आणि चिनी मातीची भांडी व काच मोठ्या प्रमाणावर मिळाली. कागदातले संजाण मातीतही खरे ठरले.

सापडले तर काय करावे?

ऑगस्ट 2014 मध्ये स्वतंत्र झालेल्या पालघर जिल्ह्याची जमीन गेल्या काही वर्षांत कधी नव्हे इतकी खोदली जात आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे विरार आणि बोईसर येथे थांबे होणार आहेत. मालवाहतुकीचा स्वतंत्र रेल्वेमार्ग आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्गही याच पट्ट्यातून जातात. वाढवण बंदराचे भूमिपूजन ऑगस्ट 2024 मध्ये झाले. शिवाय नव्या इमारतींचे पाये, विहिरी, जुन्या वाड्यांची पाडापाडी नित्याचीच. जेसीबीच्या एका फटक्यात तीन शतकांचे थर उलटेपालटे होतात. मंदिराचा खांब निघाला, की गर्दी जमते, काम थांबते. पेराएवढी टोपी निघाली, की ती मुकादमाच्या खिशात किंवा भंगारात जाते.

अशी वस्तू दृष्टीस पडल्यास पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

ती घासू नये. चिंच, लिंबू, राख किंवा पितळ चमकविण्याची पूड लावली, की काठाजवळची खूण आणि झिजेच्या रेषा कायमच्या पुसल्या जातात. हिरवट जंगाल बहुधा वस्तूचे रक्षणच करतो. किनाऱ्यावरील खारट मातीत मात्र तांब्या-पितळेला क्षारांचा रोग जडतो. वस्तूवर फिकट हिरवी भुकटी सुटत असेल, तर ती कोरडी ठेवून तज्ज्ञांकडे द्यावी.

ती उचलण्यापूर्वी जागेवरच छायाचित्र घ्यावे. शेजारी नाणे किंवा मोजपट्टी ठेवावी. जमिनीपासून किती खोल, कोणत्या रंगाच्या मातीत, सोबत खापरी, काच, कोळसा, हाडे काय होते, हे लिहून ठेवावे. ही चार ओळींची नोंद वस्तूइतकीच मोलाची असते.

कायदाही ध्यानात असावा. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविण्याचे बंधन 1878 च्या निखात निधी अधिनियमाने घातले आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना 1972 चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम लागू होतो आणि परवानगीविना त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. वसईचा किल्ला आणि सोपाऱ्याचा स्तूप ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालील स्थळे आहेत. तेथे स्वतः उकरणे हा गुन्हा ठरतो. अन्य ठिकाणी तहसील कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे माहिती देता येते.

घरातील आजीच्या डब्यातले अंगुस्तान हा वेगळा विषय. ते जमिनीतले नाही. पण तेही कोणाचे, कोठून आले, कोणी वापरले, हे आजी हयात असतानाच विचारून एका चिठ्ठीवर लिहावे आणि चिठ्ठी त्याच डब्यात ठेवावी. पुरातत्त्वज्ञ थरांवरून जे मोठ्या कष्टाने अनुमानतात, ते येथे एका प्रश्नात कळते.

तराजूत टाकले, तर अंगुस्तान काही ग्रॅम भरते. सापडल्या जागेची नोंद त्याच्यासोबत असली, तर ज्यांचे नाव कोणत्याही बखरीत नाही, अशा एखाद्या माणसाची ती साक्ष असते. भंगारवाल्याच्या तराजूला ते वजन समजत नाही. ते समजून घेण्याचे काम ज्याच्या हाती ती टोपी प्रथम लागेल, त्याचे आहे.